तळ्याकडचा रविवार

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू थांबल्या आणि पिशवीत किल्ली शोधू लागल्या. किल्ली त्यांच्या मुठीतच होती. लिफ्ट बंद पडून अठरा दिवस झाले होते. सेक्रेटरीने चिकटवलेला ‘लवकरच सुरू होईल’चा कागदही आता पिवळा पडायला लागला होता. काकूंचा उजवा गुडघा पायरीपायरीला प्राण कंठाशी आणत होता.

“काय झालं गं?” मागून काकांनी विचारलं.

“किल्ली सापडत नाहीये.”

“शोध सावकाश. घर कुठे पळून जातंय?” काका म्हणाले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

गुडघ्याचं गुपित काकूंनी सबंध हिवाळाभर जपलं होतं. काका आंघोळीला गेले की त्या घाईघाईने मलम चोळत, आणि मग वास जावा म्हणून कडाक्याच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडत. काका आंघोळ करून येत, कुडकुडत कानटोपी चढवत आणि म्हणत, “मोकळी हवा चांगलीच!” काकूंना वाटे, भोळा आहे माझा माणूस.

सांगायची चोरी होती ती मोटरसायकलमुळे. लग्नाच्या वर्षी घेतलेली ती गाडी काकांना जिवापाड प्रिय. दर हिवाळ्यात एका रविवारी दोघं तिच्यावरून डोंगरापलीकडच्या तळ्यावर जात. सदतीस वर्षं हा नेम होता. लेक झाली त्या वर्षी तेवढा चुकला, आणि तेव्हाही काका महिनाभर हळहळले होते. परवा लेकीने फोनवर सहज म्हटलं, “बाबा, यंदा बसने जा ना.” त्यावर काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. गाडीला नावं ठेवलेली त्यांना मुळीच खपत नसत. ‘डबडं’ या एका शब्दापायी त्यांनी सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरला होता.

आणि यंदा नेमकी गाडीच रुसली. तीन आठवडे ती नाक्यावरच्या गॅरेजात पडून होती. पार्किंगमध्ये रोज थट्टा चाले. “काका, तुमची म्हातारी उठली का?” कुणीतरी विचारी. काका भांडत नसत. नुसते हसत आणि जिना चढू लागत. ते पाहून हा माणूस आतून पार खचलाय, असं काकूंना वाटे. आता अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला मागच्या सीटवर चढताच येणार नाही, दीड तास गुडघा दुमडून बसणं तर लांबच राहिलं? आपण नाही म्हटलं तर हे एकटे जायचे नाहीत. गाडी विकून टाकतील आणि खिडकीशी बसून राहतील. ते काकूंना बघवलं नसतं.

तळ्यावर जायचा रविवार दोन दिवसांवर आला. शुक्रवारी दुपारी काका केस कापायला गेले. काकू चार मजले उतरून, लंगडत लंगडत गॅरेजात पोचल्या. तिथला मेकॅनिक म्हणजे सगळ्या गल्लीचा उस्ताद. तो काकूंना बघून जरा गडबडलाच.

“गाडी ना काकू? होतेय. पार्ट यायचाय अजून.”

“देवच पावला!” काकू मटकन स्टुलावर बसल्या. “तो पार्ट येऊच देऊ नकोस बाबा. निदान रविवारपर्यंत तरी. ह्यांना सांग, मिळतच नाही. तुझ्या पाया पडले असते रे, पण गुडघा वाकत नाही.”

उस्ताद हातातला पाना खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मग कोपऱ्यात गेला. एका गाडीवरचं जाड कापड त्याने बाजूला केलं आणि एक किक मारली. एकच. गाडी सुरू झाली. टाकी लखलखत होती, इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, कुठे खरखर म्हणून नाही.

“अकरा दिवस झाले काकू, तयार आहे,” तो म्हणाला.

काकूंचा पारा चढला. “अकरा दिवस? आणि ह्यांना पत्ताच नाही? अरे, ते रोज लोकांचं ऐकून घेतात! तुला जनाची नाही, मनाची तरी?”

“काकाच रोज येतात इथं. स्वतःच्या हाताने पुसतात, पाच मिनिटं चालू ठेवतात आणि परत झाकून जातात. मला ताकीद आहे, तुम्ही विचारलंत तर पार्ट नाही म्हणायचं.”

“पण का?”

उस्तादने गाडी बंद केली. फडक्याला हात पुसले.

“मलाही राहवलं नाही काकू. म्हटलं, काका, सगळी बिल्डिंग हसतेय, एकदा नेऊन दाखवा की गाडी. तर म्हणाले, ‘हसू दे. तिला तळ्यावर यायला नाही म्हणावं लागण्यापेक्षा लोकांनी माझ्या गाडीला नावं ठेवलेली बरी.’”