तोलून दिलेले मीठ

श्यामसुंदरांनी छोट्या पितळी तराजूत मीठ तोलले आणि वाटीत ओतले.

“दोघांचं मिळून दिवसभराचं एवढंच.”

“आजार तुमचा आणि पथ्य मला,” प्रेमला म्हणाली. वाटी मात्र तिने घेतली.

दवाखान्यातून तपासणीचा अहवाल घेऊन आल्या दिवशीच त्यांनी तिला समोर बसवून सांगितले होते, “माझं हृदय कमकुवत झालंय. लोणचं, पापड बंद. मीठ नावापुरतं. एकट्याला मला हे जेवण जायचं नाही. तूही तेच जेवायचं.”

प्रेमलाची आई हृदयविकारानेच गेली होती. तेव्हापासून त्या आजाराचे नाव निघाले तरी ती रात्र रात्र जागायची. दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी वरच्या मजल्यावर उल्कावहिनींकडे पोहोचली.

सदाशिव पेठेतील त्या दोन खोल्यांत हा क्रम दीड वर्ष चालला. सकाळी आठ वाजता दोघे गोळ्या घेत. त्यांची हृदयाची, तिची अशक्तपणाची. दरमहा दवाखान्यातही दोघे जात. सोबत आलेल्या प्रेमलालाही डॉक्टर तपासत.

श्रावणात तिच्या पायांवर सूज आली.

“ओट्यापाशी उभं राहून होतं हो,” ती म्हणाली.

श्यामसुंदरांनी तराजूतील वजन बदलले. मीठ निम्म्यावर आले. तिने तक्रार केली नाही.

माघातल्या एका सकाळी चहा गाळता गाळता ती कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते.

तेराव्या दिवशी पाने मांडली. मीठ वाढणाऱ्या उल्कावहिनी श्यामसुंदरांचे पान वगळून पुढे सरकल्या.

“वहिनी, मलाही वाढा.”

“नको भाऊजी. किती जपलं तिनं तुम्हाला. घरात लोणचं दिसलं तर यांचं मन चाळवेल, म्हणायची. तुम्ही दुपारी वाचनालयात गेलात की माझ्याकडे यायची. लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या, पोटभर जेवायची. सुजल्या पायांनी रोज जिना चढली, पण तुमच्यासमोर कधी खाल्लं नाही.”

श्यामसुंदरांनी पानातील मिठाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

“वाढा,” ते म्हणाले. “माझ्या हृदयाला काही झालेलं नाही. तो अहवाल प्रेमलाचा होता.”