पाखरांनंतर वारा

पाखरांपर्यंत सगळं सुरळीत झालं. माणसं, धरणी, पाणी, मासे, वनस्पती, जनावरं, झाडं... एकेकाचे आभार मानत अँगस पुढे सरकत होता. प्रत्येकाच्या शेवटी तो "आता आपलं मन एक झालं" म्हणाला, की दाटीवाटीने बसलेली मंडळी होकाराचा "थो" देत होती. पाखरांचंही झालं. पुढे वारा होता. अँगसने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

मंडळी थांबली. कुणीतरी खाकरलं. टेबलावर मक्याचं सूप होतं, राजमा घातलेली मक्याची भाकरी होती, आणि कडेला मिचेलचं रिकामं ताट. मिचेलचा आज दहावा. आभाराचे हे शब्द पुरे झाल्याशिवाय कानावागे गावात कुणी घासाला हात लावत नाही. गेलेल्याचं ताटही वाढत नाहीत, आणि ते वाढल्याशिवाय त्याला घरातून पाय उचलता येत नाही. मिचेल आईच्या घरात अडकून पडला होता, तो आता अँगसच्या जिभेपायी.

"वारा," हॅटीआजी मागून कुजबुजली. कुजबुज कसली, नदीपलीकडे ऐकू गेली असती. "पाखरांनंतर वारा, अरे! चारी दिशांचा!"

"माहितेय मला."

"मग बोल की. का त्याला बोलावणं धाडू?"

एकदोघं हसले. अँगसला हसू आलं नाही. त्याला खरंच माहीत होतं. तिशी उलटल्यावर तो आपली भाषा शिकायला वर्गात जाऊन बसला होता, आणि हे शब्द त्याने बोस्टनला कामावर जाता-येता गाडीत घोटून घोटून पाठ केले होते. सगळे जागच्या जागी होते. तरी जीभ रेटत नव्हती. आपण विसरलोय म्हणून अडलोय की आठवतंय म्हणून, हेच त्याला उमगेना.

दुःख झालेल्या घरातल्या माणसाने बोलायचं नसतं, त्याचं मन थाऱ्यावर नसतं. ते दुसऱ्या कुळाचं काम. मिचेलची मंडळी अस्वलाच्या कुळातली, म्हणून लांडग्याच्या कुळातल्या थोरल्या हॅटीआजीने आपल्यातला माणूस निवडला. अँगस लांडगा, भाषा येते, आवाज बरा, मन ताळ्यावर. झालं, ठरलं. हाच अँगस वर्षानुवर्षं मिचेलबरोबर उंच इमारतींच्या सांगाड्यावर एकाच लोखंडी तुळईवर काम करत होता, एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ध्यानात मात्र कुणाच्या आलं नाही. अँगसच्यासुद्धा नाही.

मिचेल गेला त्या दिवशीचा वाऱ्याचा झोत कुठल्या दिशेने आला होता? तुळई फिरली एवढं त्याला आठवत होतं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं, तेही आठवत होतं. चार वाऱ्यांतल्या तिघांचेच आभार मानावेत म्हटलं, तर वगळायचं कुणाला?

"वारा राहू दे," खिडकीपाशी बसलेला एक जण म्हणाला. "ढगांच्या गडगडाटापासून घे."

"गाळायचं?" हॅटीआजी उखडली. "उद्या सूर्यही गाळा! आपला आपणच उगवेल तो!"

"अगं, पण पोराला जमत नाहीये ना..."

"न जमायला काय झालं? इतका वेळ बोलत होता की पोपटासारखा!"

अँगसने मिचेलच्या आईकडे पाहिलं. सेसील अगदी पुढच्या खुर्चीत होती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. ती रागावली असावी. कदाचित नसावी. कशाचाच थांग लागेना.

"काकू," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना."

"आता कुठून आणू दुसरा लांडगा?" हॅटीआजीच बोलली.

सेसील उठली. नळाखाली पेला भरून ती अँगसपुढे येऊन उभी राहिली. मग स्वेटरच्या बाहीने तिने त्याचे डोळे पुसले. ते ओले आहेत हे तोवर त्याला ठाऊकच नव्हतं.

"पी. घसा मोकळा कर."

"सेसील, अगं उलटं करतेयस!" हॅटीआजी घाबरीघुबरी झाली. "डोळे आम्ही पुसायचे, पाणी आम्ही द्यायचं. तुला! दुःख तुझ्या घरी आहे."

"मग याला उभं करायच्या आधी विचारलंत का कुणी, याचं कोण गेलं ते?"

हॅटीआजीने मान खाली घातली. गावाच्या आठवणीत हे पहिल्यांदाच झालं असावं. अँगसने पेला रिकामा केला. आता कोण कुणाच्या दुःखाला आलंय, त्याने सेसीलला पाणी द्यायचं का, काही कळत नव्हतं. पेला हातात धरूनच तो बोलायला लागला. चारी दिशांचे वारे, ऋतू घेऊन येणारे, आमच्या श्वासातले. आवाज मध्येच चिरकला. आपण नक्की कशाचे आभार मानतोय हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"आता आपलं मन एक झालं," तो म्हणाला. ते प्रश्नासारखं आलं.

कुणीच "थो" म्हणालं नाही. सगळे सेसीलकडे बघत होते. ती अजून उभीच होती.

"थो," शेवटी ती म्हणाली. "पुढचं सांग, बाळा. त्याला निघायला उशीर होतोय."