कोळ्याचं चित्र

बेड्या खणकन चटईवर आदळल्या. अंमलदार कुराताने छापील चित्र यासुहेईच्या नाकासमोर धरलं.

"हा कोण?"

"कोळी, सरकार." यासुहेई लाकडावर चित्रं कोरणारा कारागीर. त्याची नजर बेड्यांवरून हलेना.

नटांची चित्रं छापायला बंदी येऊन वर्ष झालं होतं. म्हणून छापणाऱ्यांनी कुणाला कोळी केलं, कुणाला हमाल. अख्खं एदो शहर चेहरा ओळखून चित्र घरी नेई, पण नाव कुणी उच्चारत नसे. आज एका साक्षीदाराने ते उच्चारलं की यासुहेईचे हात पन्नास दिवस बेड्यांत अडकणार होते. गेल्या वर्षी शेजारच्या गेनपाचीचे असेच अडकले. केसागणिक रेघ कोरणारा माणूस तो. सुटल्यावर त्याला सुरी धरवेना. आता बिचारा तोफू विकतो.

कुराताने दुकानाच्या दारातल्या गर्दीतून शेवयावाल्याला आत ओढलं. "तू सांग. कोण हा?"

"माझा मेहुणा वाटतो, सरकार. चार घोट पोटात गेले की तो असाच बघतो."

एरवी गल्ली खदखदून हसली असती. आज कुणी हसलं नाही. कोपऱ्यात कारकून कुंचला घेऊन जबानी लिहायला बसला होता.

"बाई, तू बोल," कुराता यासुहेईच्या बायकोकडे वळला. "खोटं बोललीस तर तुझेही हात अडकतील."

ओताकीने एकदा बेड्यांकडे पाहिलं. जीभ मात्र नेहमीसारखी चालली. "साधा कोळी आहे हो, सरकार. डोळ्यावर ऊन आलंय, म्हणून तिरका बघतोय. आणि खरं सांगू? चित्रच धड नाही. हा हात बघा, लुळा पडल्यासारखा. मेल्याला होडीत नीट उभंही राहता येईना!"

स्वतःच्या कामाची अशी शोभा झालेली पाहून यासुहेईने मान खाली घातली. कुराताचे कान लाल झाले.

"लुळा? काही कळतं का तुला? भावाचं प्रेत समोर येतं तेव्हा त्याच्या हातातून वल्हं सुटतं! मग तो सावकाश मान वळवतो, एकच डोळा नाकाकडे फिरवतो, अन् सगळं नाटकघर श्वास रोखून बसतं. तात्सुजुरोशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही ते!"

नटाचं नाव उच्चारलं गेलं होतं. यासुहेईने डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले.

ओताकीने कपाळ चटईला टेकवलं. "सरकार म्हणतात तर असेल तसं. वल्हं कधी सुटतं, ते आम्हांला कुठलं ठाऊक?"

कुराता सामुराई होता. सामुराईने नाटकघराची पायरी चढू नये, हा नियम चित्रांच्या बंदीहून कितीतरी जुना. चोरून जाणारे गवताच्या टोपीत तोंड लपवून जात, आणि सापडले तर नोकरी जाई, घराण्याची अब्रूही जाई. कारकुनाचा कुंचला हवेतच थांबला होता. तो टक लावून साहेबाकडे बघत होता. कुराताच्या कपाळावर घाम फुटला.

मग कुराता वाकला आणि त्याने बेड्या उचलून स्वतःच्या कमरेला अडकवल्या.

"लिही," तो कारकुनाला म्हणाला. "कोळी. डोळ्यावर ऊन आलंय."