स्टेइनुनच्या गालांचं गुपित

सत्तराव्या वाढदिवसाला स्टेइनुनचे गाल असे तुकतुकीत दिसत होते, की तिच्याच वयाच्या तिच्या मैत्रिणीच्या, रानवेगच्या, पोटात दुखायला लागलं.

“काय लावतेस गं तोंडाला?”

“छे! आपल्या समुद्राची हवा, दुसरं काय!” स्टेइनुनने मान उडवली.

हवा म्हणे! मग आम्ही काय आइसलंडबाहेर राहतो?

रानवेगची भाची माशांच्या कारखान्यात कामाला होती. ती कानाशी लागली, “मावशी, महागड्या क्रीममधलं त्वचा तुकतुकीत ठेवणारं ते कोलॅजन कॉड माशाच्या कातडीतून काढतात. आपण सोलून कुत्र्याला टाकतो ना, तीच कातडी!”

टेबलाभोवती सगळे पाहुणे सुकवलेला कॉड लोण्याशी खात होते आणि कातडी खाली काप्पीला टाकत होते. म्हातारा झाला तरी हा कुत्रा अजून पिल्लासारखा उड्या मारायचा, ते का, हे रानवेगला आत्ता कळलं. तिने मुद्दाम काटा-चमचा खाली पाडला, “गेले गं गुडघे” म्हणत वाकली आणि टेबलक्लॉथ उचलून टेबलाखाली शिरली.



आत उत्सवमूर्ती स्टेइनुन काप्पीच्या तोंडातून कातडी ओढत होती, हिला बघताच म्हणाली, “आलीस? बरं झालं, तू याला मागून धर!”