उघडे हेडफोन

मसाजी गेला, पण मेंढरांना हाक मारतानाचा त्याचा आवाज लेकाच्या, भारतच्या, जुन्या मोबाइलमध्ये राहून गेला होता. नर्मदाबाई रोज दिवस कलताना डोंगरकड्याच्या माळावर बसायची आणि हेडफोन लावून तीच हाक ऐकायची. "हिर्रर्र, या गं बायांनो!" की सगळा कळप चरायचं सोडून तिच्याभोवती गोळा.

"माय, हे सस्तेवाले हेडफोन मागून उघडे हायेत, आवाज बाहेर सांडून राहिला," भारत म्हणाला. "हिंगोलीहून चांगले बंद आणून देतो."

"काहून? मेंढरांचाबी धनीच व्हता त्यो. ऐकू दे की त्यांनाबी."

आज मोबाइल घरीच चार्जिंगला राहिला. तरी सवयीनं तिनं हेडफोन कानाला लावले, वायर नुसतीच मांडीवर पडलेली. कानात माळावरच्या वाऱ्याशिवाय काहीच नव्हतं. तेवढ्यात कळपानं एकदम माना वर केल्या आणि तिच्याकडं धाव घेतली.



मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी पुढं निघून गेली आणि तिच्या मागच्या बाभळीखाली, मधे एका माणसापुरती जागा सोडून, गोळा झाली.