उशीची तक्रार

"बसा, तुमच्या आधी दोघं आहेत," दुकानदार मान वर न करताच म्हणाला.

ती बसली. कागदात गुंडाळलेली उशी मांडीवर, बॅग पायांशी. गिऱ्हाइकांच्या बाकावर ती आज पहिल्यांदाच बसत होती. बाक बरा होता, पाठीला टेकू होता. दुकानभर कापसाचे तंतू तरंगत होते. उन्हाच्या पट्ट्यात येऊन ते जरा थबकायचे आणि पुढे सरकायचे. बघता बघता तिचे डोळे जड झाले.

या दुकानात गाद्या-उशा भरून मिळतात, पण लोक येतात ते दुकानदाराच्या कानांसाठी. खोटं नाही सांगत! तक्रार घेऊन आलेल्याला आधी खुर्ची, मग पाणी. त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये ब्र काढायचा नाही. मग ऐकलेलं सगळं त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवायचं आणि विचारायचं, "बरोबर ऐकलं ना मी?" भांडायला आलेली माणसं तिथेच विरघळतात. परवा एक बाई गादीत गाठी राहिल्या म्हणून तणतणत आली. जाताना सुनेच्या चार कागाळ्या सांगून, वर दोन लोड भरायला टाकून हसत घरी गेली.

म्हणून तर ती आली होती. पर्समध्ये पाचच्या गाडीचं तिकीट होतं, बहिणीच्या गावचं. जाण्याचं. येण्याचं तिने काढलंच नव्हतं. निघण्याआधी एकदा सगळं बोलून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं. ऐकलं तर ऐकलं, नाहीतर गाडी आहेच.

तिचा नंबर आला. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. तिच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. तो काही बोलणार तोच ती म्हणाली, "अहो, तक्रार आहे. रांगेने आलेय मी."

तिच्या मागे बाकावर एक जाडजूड काका येऊन बसले होते. दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"बसा. पाणी घ्या. बोला."

"या उशीवर डोकं टेकलं की एकच स्वप्न पडतं."

"कसलं?"

"मोठं घर असतं. सगळी दारं सताड उघडी. मी काहीतरी सांगत असते, आणि शब्द तोंडातून निघाला की त्याचा कापूस होतो. तरंगत जातो. खुर्चीत एक माणूस पेपर वाचत असतो, त्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. तो न बघताच झटकतो आणि म्हणतो, 'हं.'"

काका मागे खुसखुसले. दुकानदार हसला नाही.

"आणि जाग आल्यावर?"

"जाग आल्यावरही तेच. फक्त कापूस दिसत नाही." तिने ग्लास दोन्ही हातांत धरला. "मुलगी शिकायला लांब गेली, घर खायला उठलं. मी म्हटलं, मला करमत नाही. 'हं.' म्हटलं, या वयात का होईना, मला पोहायला शिकायचंय. 'हं.' पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी परवा सांगितलं, मी बहिणीकडे चाललेय, कायमची. तर म्हणे, 'हं. येताना पांढरा दोरा आण.'"

तिने ग्लास खाली ठेवला. "झालं. एवढंच."

दुकानदाराच्या बोटांत सुई तशीच राहिली होती. पण नियम म्हणजे नियम. तो सावकाश परत म्हणू लागला.

"मोठं घर. तुम्ही बोलता त्याचा कापूस होतो. मुलगी गेल्यापासून तुम्हाला करमत नाही. पोहायला शिकायचंय. तुम्ही सांगितलंत, कायमची चाललेय. आणि त्या माणसाने..." तिच्यासमोरचा ग्लास त्याने स्वतःच उचलला आणि घोटभर पाणी प्यायला. "त्या माणसाने दोरा मागवला. बरोबर ऐकलं ना मी?"

"बरोबर."

तिला रडूच आलं. दुःखाचं नव्हतं ते. आपलं बोलणं एकही शब्द न सांडता कुणी असं परत हातात ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, या उन्हात, या कापसात असंच बसून राहावं. पण घड्याळात सव्वाचार झाले होते.

"उशी बदलून मिळेल?" तिने डोळे पुसत विचारलं.

"उशीत खोट नाही," तो हळूच म्हणाला.

ती उठली. बॅग उचलली. "जाते."

साधं कोपऱ्यावर जायचं असलं तरी निघताना 'येते' म्हणायचं असतं. तिने ठरवून 'जाते' म्हटलं होतं.

"येते म्हणा," दुकानदार म्हणाला.

"ऐकू आलं वाटतं!" ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

दुकानदाराने सुई गादीत खोचली. दिवा मालवला, खिळ्यावरचं कुलूप काढलं, तिच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतली आणि काकांकडे वळला. "माफ करा, आज दुकान बंद. उद्या या."

काका उसळले. "बंद? अहो, मी काय इथे माश्या मारत बसलोय? या बाईंच्या एका उशीपायी आम्ही घरी जायचं? रांग म्हणून काही आहे की नाही?"

"रांगेनेच घेतलं, काका. ती सव्वीस वर्षं उभी आहे," दुकानदार म्हणाला. "बायको आहे माझी."