टोपलीतली पापलेटं

“मासे मापून कुणाचं पोट भरलंय गो बाय?” बावीस वर्षांपूर्वी पट्टी घेऊन धक्क्यावर उतरलेल्या मत्स्यसंशोधक मृदुलाला कोळीण चांगुणामावशीने असं चिडवलं होतं. तो खणखणीत आवाज अजून तिच्या कानात होता.

चिडवलं खरं, पण “हाताला येतील ती पन्नास पापलेटं दे मावशी, निवडू नकोस,” असं मृदुलाने सांगितल्यावर दर महिन्याला टोपली भरून शेडमध्ये आणायचं काम मावशीनेच अंगावर घेतलं. मृदुला एकेकाची लांबी लिहायची; मावशी शेजारी बसून तिला पदराने वारा घालायची.

आज मृदुला पेढे घेऊन आली. “मावशी, इतर किनाऱ्यांवर पापलेट लहान होत गेलं, आपल्या बंदरात नाही! इथे पिल्लंही ओढून नेणाऱ्या बारीक जाळ्यांवर बंदी नको, असा अहवाल उद्या पाठवते.”

मावशीने पेढा तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“नको पाठवू, बाय,” मृदुलाचा हात धरून ती म्हणाली. “बारकी मी तुझ्या टोपलीत कधी टाकलीच नाहीत, मोठी तेवढी निवडून आणायचे. उन्हातान्हाची येणारी लेक तू, तुला तळव्याएवढी पापलेटं कशी देऊ?”